भूस्वाधीन म्हणजे कोणाच्या स्वाधीन?

अध्यक्षमहाराज, आणि दारापाशी चपला पायात ठेवूनच बसलेली मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'शहरविस्तार आणि जमिनीचे प्रशासन'. येतो तिकडे. आधी आमच्या थोरल्या काकांची गोष्ट, कारण हे सगळं मला तिथं कळलं.

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या शिवारात काकांचं भाताचं रान, 1 एकर 10 गुंठे. त्यावरून काका आणि आमचे वडील यांच्यात वीस वर्षं अबोला. एक दिवस काकांच्या हाती सरकारी कागद आला, सगळा कन्नड. काकांचं शिक्षण मराठी चौथी. घरात कन्नड वाचणारा एकच, आठवीतला नातू. तो बोट ठेवून वाचायला लागला, ''भू... स्वा... धी... न.''

''स्वाधीन? म्हंजे आपल्या स्वाधीन?''

''तसंच असणार की, आजोबा.''

झालं! काकांना वाटलं, भावाविरुद्धचा निकाल लागला. अर्धा किलो कुंदा आणला आणि पहिली वाटी मुद्दाम आमच्या घरी धाडली. वडील असे भडकले! वाटी परत द्यायला त्यांनी मलाच पिटाळलं. वाटी पोचली. कुंद्याचं विचारू नका.

कन्नडमध्ये भूस्वाधीन म्हणजे आपलं भूसंपादन. हे कळलं कधी, तर मोजणीची माणसं उभ्या पिकात शिरली तेव्हा. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, ''मुदतीत हरकत का नाही घेतली?'' काका म्हणाले, ''कुंदा वाटत होतो की हो.''

आता उद्या कुणी म्हणेल, हा कन्नडविरोधी बोलला. बाबांनो, माझी सून गोकाकची आहे, जेवण तिच्या हातचं आहे. कणबर्गीच्या कन्नड शेतकऱ्याला तो शब्द कळतो, पण खालची कलमं त्यालाही वकिलाकडूनच वाचून घ्यावी लागतात. आम्ही मात्र बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावर 1967 पासून भांडतोय, सीमावादाच्या दाव्यासाठी 2004 पासून सुप्रीम कोर्टाकडे डोळे लावून बसलोय. भांडावंच, मीही मोर्चात असतो. पण पाटीवर बेळगाव की बेळगावी यावर रात्र जागवणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना नोटिशीवरची तारीख वाचायला सवड नसते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर बुडा, म्हणजे शहर वाढवायला जमीन घेणारं बेळगाव नगरविकास प्राधिकरण, चालते कर्नाटकच्या 1987 च्या नगरविकास प्राधिकरण कायद्यावर. कलम 17, योजनेची अधिसूचना, मालकाला नोटीस, हरकतीला 30 दिवस. मग सरकारची मंजुरी आणि कलम 19 ची अंतिम अधिसूचना. त्यानंतर योजना उभी करायला प्राधिकरणाला मुदत किती? 5 वर्षं. तेवढ्यात बरंचसं काम झालं नाही, तर कलम 27 खाली योजना बाद होऊ शकते. पण ते कोर्टात जाऊन भांडायचं कुणी? रान तर तोवर पडीक. गुंठा-गुंठा करून स्टँपपेपरवर विकलेल्या प्लॉटांचं वेगळंच रामायण आहे, ते आज राहिलं.

माझी मागणी एवढीच, की नोटीस कन्नडबरोबर मराठीतही द्या, आणि 30 दिवस ती समजेल अशा भाषेत हाती पडल्यापासून मोजा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे 1956 पासून केंद्राच्या कागदावर आहेच.

हो, हो, थांबतो. एकच. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारसा लावून घ्या. नोटीस उताऱ्यावरच्या नावानं निघते, आणि आजोबा काही हरकत घ्यायला यायचे नाहीत.