पुन्हा बोलावलेले पेशंट : थिओडोर कोखर यांच्याविषयी

ऑपरेशन थिएटरात सर्जननं हात पुढे करून नुसतं ‘कोकर’ म्हटलं, की सिस्टर त्याच्या तळव्यावर एक लांबट चिमटा ठेवते. आतून आडव्या रेघा, टोकाला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन दात, मागे कात्रीसारख्या कड्या आणि खटका. धरलेलं निसटत नाही हा त्याचा गुण. धरलेलं चेचलं जातं हा त्याचा दोष. म्हणून जो भाग शरीरात ठेवायचाय त्याला तो लावत नाहीत, काढून टाकायच्या भागाला लावतात. आपल्याकडे ‘कोकर’ झालेलं हे नाव मूळ जर्मनमध्ये कोखर. थिओडोर कोखर, स्वित्झर्लंडच्या बर्न शहराचे. चिमट्याचं नाव रोज घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना माणूस ठाऊक नसतो, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं.

बर्नपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण हा माणूस दुसरीकडे जन्मला असता तर त्याचं काम वेगळं झालं असतं. आल्प्सच्या खोऱ्यांमधल्या मातीतलं आयोडीन बर्फानं आणि पावसानं हजारो वर्षं धुऊन नेलेलं. मातीत नाही म्हणून पाण्यात नाही, धान्यात नाही, दुधात नाही. गळ्यातल्या अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, तिचं संप्रेरक तयार करायला आयोडीन लागतं. ते मिळेना की ग्रंथी आपला आकार वाढवत राहते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. त्या खोऱ्यांत गलगंड इतका सर्रास होता, की लोकांना त्याचं नवल वाटत नसे. नवल नसलं तरी त्रास होताच. गाठ वाढत छातीच्या हाडामागे उतरली की श्वासनलिका दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन म्यानासारखी चपटी होते, आणि मग माणूस रात्री आडवा होऊ शकत नाही.

कोखर २५ ऑगस्ट १८४१ रोजी बर्नमध्ये जन्मले. वडील इंजिनिअर, आई मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची धर्मनिष्ठ बाई. आईचा हा पंथ मुलानं आयुष्यभर पाळला. १८६५ मध्ये डॉक्टरकी मिळवल्यावर त्यांनी बर्लिन, लंडन, पॅरिस पालथं घातलं. १८७० मध्ये त्यांनी निखळलेला खांदा बसवायची एक रीत छापली. कोपर काटकोनात वाकवून दंड अंगाशी आणायचा. मग हात अडेपर्यंत सावकाश बाहेर फिरवायचा. तसाच ठेवून कोपर पुढे उचलायचं. शेवटी हात आत, विरुद्ध खांद्याकडे वळवायचा. यात ओढाताण कुठेच नाही. पुढे लोकांनी त्यात ओढणं घातलं, घाई घातली आणि म्हाताऱ्या माणसांची दंडाची हाडं मोडली. दोष कोखरांच्या रीतीवर आला. मूळ पायऱ्या वाचल्या तर ताकदीचं काम त्यात नाही, वाट बघण्याचं आहे. माणसाचा स्वभाव इथेच दिसतो.

१८७२ मध्ये बर्नचे सर्जरीचे प्राध्यापक लुके स्ट्रासबुर्गला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. विद्यापीठाच्या मंडळींना जर्मनीतला कुणी हवा होता. विद्यार्थी कोखरांसाठी हटून बसले आणि सरकारनं तिशीतल्या या स्थानिक तरुणाला नेमलं. पुढची पंचेचाळीस वर्षं, बाहेरची मोठमोठी बोलावणी नाकारत, ते तिथेच राहिले. ही गोष्ट नुसती निष्ठेची नाही. एकाच गावात, एकाच इस्पितळात, त्याच खोऱ्यातल्या पेशंटांवर इतकी वर्षं काम केलं म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचा पेशंट शोधून काढणं त्यांना शक्य झालं. त्यावर पुढे येतो.

घर १८६९ मध्ये मांडलं होतं. पत्नी मारी विट्शी. तीन मुलगे. आधी मार्क्टगास्सं या जुन्या रस्त्यावर आणि १८७५ पासून व्हिलेट या भागातल्या मोठ्या घरात. तिथे सहकारी यायचे, परदेशी पाहुणे यायचे, आणि इस्पितळातले कितीतरी पेशंटही जेवायला बोलावले जायचे. मुलांच्या अभ्यासाकडे ते स्वतः लक्ष द्यायचे, डोंगर चढायला आणि बर्फावर स्केटिंगला त्यांना बरोबर न्यायचे. थोरला आल्बर्ट सर्जन झाला आणि वडिलांच्याच क्लिनिकमध्ये उभा राहिला. मारीबाईंविषयी इतिहासात चार ओळीही धड नाहीत. त्या घरात रोज किती पानं वाढली जात असतील, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता गळा. कोखरांनी सुरुवात केली तेव्हा गलगंडाचं ऑपरेशन बदनाम होतं. पॅरिसच्या वैद्यक अकादमीनं १८५० मध्ये ते निषिद्धच ठरवलं होतं. बिलरोथसारख्या मोठ्या सर्जनचे झुरिकमधल्या आपल्या सुरुवातीच्या वीस पेशंटांपैकी जवळजवळ चाळीस टक्के दगावले, आणि त्यांनी कित्येक वर्षं हे ऑपरेशन सोडून दिलं. मरण यायचं ते तीन वाटांनी. एक रक्तस्राव, कारण फुगलेल्या अवटूवर बोटाएवढ्या जाड शिरांचं जाळं असतं. दोन, जखम पिकणं. तीन, क्लोरोफॉर्म. आधीच चपटी झालेली श्वासनलिका, त्यात पेशंट बेशुद्ध, मान मागे टाकलेली. श्वास टेबलावरच बंद पडायचा.

कोखरांनी तिन्ही वाटांवर एकेक पहारेकरी बसवला. भूल शक्य तिथे फक्त जागेपुरती, कोकेनचं पातळ द्रावण त्वचेखाली टोचून. पेशंट जागा राहतो, स्वतःचा श्वास स्वतः सांभाळतो आणि मुख्य म्हणजे बोलतो. छेद गळ्यावरच्या नैसर्गिक वळीत, कॉलरसारखा आडवा. जागा भरपूर मिळते आणि व्रण वळीत झाकला जातो. स्नायू मधोमध बाजूला सारून शिरा एकेक करून दोन ठिकाणी बांधायच्या आणि मग मध्ये कापायच्या. आधी वरची धमनी बांधायची. मग ग्रंथी हलकेच सैल करून जखमेबाहेर काढायची आणि खालची धमनी ग्रंथीपासून लांब अंतरावर बांधायची. लांब का? कारण ग्रंथीजवळ त्या धमनीला आडवी स्वरयंत्राची नस जाते. तिथे घाईनं चिमटा लावला तर नस त्यात येते आणि आवाज कायमचा घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या तर श्वासाचाच प्रश्न. म्हणून चिमटा लावताना पेशंटला बोलायला लावायचं. आवाज बदलला की चिमटा सोडायचा.

हे सगळं संथपणे. भुलीचा शोध लागण्याआधी सर्जनची थोरवी मिनिटांत मोजायचे. भूल आल्यावर वेगाची गरज संपली, पण सवय आणि शेखी दोन्ही उरल्या. कोखर मुद्दाम हळू कापत. जखमेत रक्त साठलेलं त्यांना खपत नसे.

आकडे बोलके आहेत. १८८३ पर्यंत शंभराच्या आसपास गलगंड, मृत्यू १३ टक्क्यांच्या घरात. १८८९ मध्ये २५० ऑपरेशनांच्या हिशोबात २.४ टक्के. १९१२ पर्यंत पाच हजारांवर ऑपरेशनं आणि मृत्यू अर्ध्या टक्क्याच्याही खाली. व्याख्यान इथे संपवलं तर टाळ्या मिळतील, पण कोखरांवर अन्याय होईल.

१८७४ च्या जानेवारीत त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची अवटू ग्रंथी पूर्ण काढली होती. जखम छान भरली. काही काळानं तिच्या गावच्या डॉक्टरनं कळवलं, की आनंदी, खेळकर पोर मंद आणि चिडकी झालीय. ते पत्र तसंच मागे पडलं. मग १८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हाचे सर्जन झाक लुई रेव्हर्दां यांनी कोखरांना सांगितलं, की पूर्ण ग्रंथी काढलेले आपले काही पेशंट नंतर सुजट, फिकट, सुस्त होतायत. तुमच्याकडे काय? शोध कुणाचा, यावरून पुढे दोघांत कुरबूर झाली. पहिली हाक रेव्हर्दांचीच होती, हे सांगून टाकलेलं बरं.

हाक ऐकून कोखरांनी जुन्या पेशंटांना पत्रं धाडली : तपासायला या. पूर्ण ग्रंथी काढलेले होते ३४. त्यांतले १८ समोर येऊन उभे राहिले आणि त्यांपैकी १६ जणांची तीच अवस्था. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी आणि थंड, केस गळालेले, बोलणं जड, एका प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागणारा. ती मुलगीही आली. ऑपरेशनाच्या वेळी तिच्यासारखीच दिसणारी धाकटी बहीण एव्हाना पूर्ण वाढलेली तरुणी झाली होती, आणि ही नऊ वर्षांनंतरही लहान मुलाच्या उंचीची. एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोखरांनी हे सगळं स्वतः मांडलं. टेबलावर यशस्वी ठरलेली आपलीच ऑपरेशनं त्यांनी अपयशाच्या रकान्यात टाकली, आणि साध्या गलगंडासाठी ग्रंथी पूर्ण काढायची नाही असं ठरवलं.

यातली खरी मेख पुढे अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड यांनी उलगडली. ते बिलरोथ आणि कोखर, दोघांच्याही टेबलाशी उभे राहिलेले होते. बिलरोथच्या पेशंटांना नंतर हातापायांत पेटके यायचे, बोटं आखडायची. सुस्ती मात्र क्वचित. कोखरांकडे नेमकं उलट. बिलरोथ झपाट्यानं काम करत, त्यामुळे ग्रंथीचे तुकडे मागे राहत आणि ते माणसाला पुरत. पण त्याच झपाट्यात ग्रंथीच्या पाठीला चिकटलेल्या मसुराएवढ्या परावटू ग्रंथी निघून जात, रक्तातलं कॅल्शियम खाली येई आणि पेटके सुरू होत. कोखर आवरणाच्या अगदी लगत, रक्त न सांडता जात. परावटू ग्रंथी आपोआप जागेवर राहत आणि अवटूचा मात्र कणही उरत नसे. म्हणजे पेशंटांचं वाटोळं झालं ते हाताच्या सफाईमुळे. परावटूंचं वर्णन स्वीडनमध्ये सँडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये केलं होतं, पण त्यांचं काम काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारणमीमांसेत कोखर आधी चुकले. ऑपरेशननंतर श्वासनलिका अरुंद होऊन वर्षानुवर्षं हवा कमी पडते, असा त्यांचा कयास होता. लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी त्याच वर्षी सुचवलं, की ग्रंथी नसणं हेच कारण. ते १८८८ च्या चौकशी समितीच्या अहवालात खरं ठरलं. १८९१ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटूचा अर्क टोचून असा पेशंट सुधारून दाखवला. कोखरांनी त्याआधीच, जुलै १८८३ मध्ये, दुसऱ्याच्या अवटूचा तुकडा एका पेशंटच्या अंगात बसवून पाहिला होता. गुण टिकला नाही. पण गमावलेल्या अवयवाचं काम परत मिळवण्यासाठी केलेलं हे पहिलं रोपण, असं इतिहासकार मानतात.

बाकीचं काम भराभर सांगतो. कॅटगट, म्हणजे आतड्याची तात, खात्रीनं निर्जंतुक होत नाही आणि जखमा त्यामुळे पिकतात हे लक्षात आल्यावर त्यांनी १८८८ मध्ये रेशमी धागा घेतला. पाण्यानं भरलेल्या डब्यांवर गोळ्या झाडून बंदुकीच्या जखमा आतून एवढ्या का फाटतात ते तपासलं. पित्ताशयासाठी उजव्या बरगडीच्या कडेखालून तिरका छेद घेतला. लहान आतड्याचा पहिला भाग बाहेरच्या कडेचा पडदा कापून मधल्या बाजूला उलटवण्याची युक्ती दिली, जिला सर्जन आजही ‘कोकरायझेशन’ म्हणतात. १९०० च्या सुमाराला तरुण अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग त्यांच्याकडे आला आणि मेंदूवरचा दाब वाढला की रक्तदाब का चढतो याचे प्रयोग करून गेला.

१९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. सर्जनला मिळालेलं ते पहिलंच. प्रशस्तिपत्रात ‘शस्त्रक्रिया’ या शब्दाच्या आधी अवटूच्या शरीरक्रियेचा उल्लेख आहे, आणि ती माहिती त्या १८ जणांकडून आलेली. पुढे त्यांनी बर्नमध्ये संशोधन संस्थेसाठी पैसा दिला. आयोडीन गलगंडावर चालतं हे ठाऊक असूनही ते सरसकट द्यायला कोखर कचरत, कारण जुन्या गाठीला एकदम जास्त मात्रा मिळाली तर ती पिसाळल्यासारखी काम करू लागते, छाती धडधडते, वजन घटतं. या विकाराला नाव त्यांनीच दिलं. उत्तर निघालं ते अगदी कणभर मात्रेत, मिठातून. स्वित्झर्लंडमध्ये ते १९२२ मध्ये सुरू झालं. आज आपल्या किराण्याच्या पिशवीत येणारी आयोडीनयुक्त मिठाची पुडी त्याच वाटेवरची.

ते मीठ कोखरांनी पाहिलं नाही. २३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी इन्सेल इस्पितळातून तातडीचं बोलावणं आलं. वय पंचाहत्तर. ते गेले, ऑपरेशन केलं, मग बरं वाटेना म्हणून घरी येऊन आडवे झाले. अंथरुणावरही टिपणं तपासत होते. नंतर शुद्ध हरपली. २७ जुलैला ते गेले.