पदर घेऊ दे

(दृश्य : अंधार. पाण्याचा आवाज. मग हळूहळू पालखीतळ दिसू लागतो.)

सासवड, वारीचा मुक्काम. पहाटेचे ४ वाजलेत. टँकरच्या नळाखाली बादल्यांची रांग, पायाखाली चिखल, ओल्या सरपणाचा धूर. तंबूच्या कडेला चौघी जणी एक लुगडं ताणून उभ्या आहेत. आडोशाला पाचवी आंघोळ करतेय. तिचं झालं की ती लुगडं धरायला बाहेर येणार आणि यांच्यातली एक आत जाणार.

पलीकडे टेम्पोच्या टपावर मी. कॅमेऱ्याला दोनशेची लेन्स, लांबचं जवळ आणणारी.

मागून हॅलोजनचा उजेड येत होता. लुगड्यावर सावल्या पडल्या होत्या. फ्रेम जमून आली होती, बटण दाबलं. तेवढ्यात लुगडं धरलेल्या एका बाईनं वर पाहिलं. थेट लेन्समध्ये. ती ओरडली नाही. हातातलं टोक तिनं शेजारणीकडे दिलं, आणि माझ्या नि लुगड्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून.

तो फोटो मी पुसला. पण त्याच दिवशी नाही, दोन दिवसांनी. तोवर चार मित्रांना दाखवून झाला होता.

(दृश्य : दिवेघाट, वरून. पताकांची रेघ वळणावळणानं चढतेय.)

रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सहसा कुणाची परवानगी लागत नाही. बाईला तिच्या खासगी क्षणात चोरून टिपणं मात्र गुन्हा आहे. २०१३ साली तो दंडविधानात आला, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमात आहे. पण त्या जागी आडोशाची अपेक्षा धरता येते का, हा प्रश्न तिथंही उरतोच. पालखीतळावर, टँकरखाली? वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. चारचौघांत आला म्हणून माणूस तो हक्क गमावत नाही, असंही त्या निकालात आहे. टेम्पोच्या टपावर मला यातलं काहीही आठवलं नव्हतं.

घाटाचं वेगळं. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लागतात, टाळांचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो आणि खाली नुसती पांढरी गर्दी. तिथं विचारणार कुणाला? अडचण सुरू होते ती त्या गर्दीतून एकच माणूस उचलला की. भेगाळलेली टाच. दात नसलेलं हसू. आम्ही फोटोग्राफर आपसात म्हणतो, ‘आजी काय कॅरॅक्टर आहे!’

विचारलं की क्षण जातो, असं आम्ही सांगतो. ते खोटं नाही, जातोच. पण वारीत आमचं फावतं ते वेगळ्याच कारणानं. वारकरी समोरच्याला माउली म्हणतो, वाकून पाया पडतो. तो कॅमेऱ्यावर कशाला खेकसेल? त्याच्या त्या रीतीलाच आम्ही परवानगी समजून बसलो. वर आम्हीही शिकलो : ‘माउली, जरा इकडं!’

(दृश्य : एका म्हातारीचे हात. तुळशीवृंदावन खाली ठेवलेलं.)

सासवडच्याच मुक्कामी दुपारी एक आजी पायाला तेल चोळत बसली होती. या वेळी शेजारी जाऊन बसलो. विचारलं, “आजी, फोटो काढू का?”

“काढ की. कुठं छापनार?”

काढला. स्क्रीनवर दाखवला. उन्हात उजळलेल्या सुरकुत्या, सुटलेले पांढरे केस. मला फार आवडला होता.

“ह्यो नगं. डोईवर पदर न्हाई. थांब.”

तिनं तेलाचे हात पुसले. पदर घेतला, माळ सारखी केली, वृंदावन मांडीवर घेतलं आणि ताठ बसली. हसू गायब. आधार कार्डावर असतो तसा फोटो आला. स्पर्धेत कुणी ढुंकून बघणार नाही असा.

“आता बरं हाय. नातवाला धाड.”

नातवाचा नंबर तिला तोंडपाठ होता.