ठेवलेला फोन सुटतो कधी?

मंडळी, फोन कट केल्यावर स्क्रीनवर ‘कट होतोय’ असं दिसत असताना आपलं बोलणं पलीकडे जातं का? या प्रश्नाकडे शेवटी येऊ. आधी एक गंमत: आपण अजूनही ‘फोन ठेवतो’ म्हणतो. मोबाईल कुठेच ठेवत नाही, लाल बटणावर बोट टेकवतो, तरी क्रियापद तेच. ते आलं रिसीव्हरच्या फोनवरून, आणि तेव्हा ठेवणं ही खरोखरच विजेची घटना होती. रिसीव्हर उचलला की एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या तांब्याच्या दोन तारांतून प्रवाह वाहायचा. ठेवला की तुटायचा. एक्सचेंजला वेगळं काही कळवावं लागत नसे.

इंटरनेटवर अशी तार नाही. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं, सुटी सुटी जातात. दोन फोन ‘जोडलेले’ आहेत ही फक्त एक नोंद असते: एक तुमच्या फोनात, एक पलीकडच्या फोनात, आणि बरेचदा एक मधल्या सर्व्हरवर. फोन ठेवायचा म्हणजे या सगळ्या नोंदी खोडायच्या, आणि त्यासाठी निरोप धाडावा लागतो. तोही त्याच जाळ्यातून, जिथे पाकिटं हरवतात.

प्रत्येक ॲपची तऱ्हा वेगळी. पण ऑफिसातले आयपी फोन (इंटरनेटच्या पद्धतीनं चालणारे), मोबाईलचं व्हीओएलटीई (४जीवरचे कॉल) हे कॉल जोडण्या-तोडण्याच्या ज्या ‘सिप’ पद्धतीवर चालतात, तिचे नियम जून २००२ पासून सगळ्यांसाठी छापलेले आहेत. त्यात निरोपाचं नावच ‘बाय’. बाय गेला की पलीकडून ‘२०० ओके’ यायला हवं. नाही आलं तर? अर्ध्या सेकंदानं पुन्हा बाय. मग एका सेकंदानं, मग दोन, मग चार, आणि पुढे दर चार सेकंदांनी. असे अकरा बाय जातात आणि ३२ सेकंद झाले की फोन नाद सोडतो. जिन्यात रेंज गेलेली असताना तुम्ही फोन कट करता तेव्हा आत हे चाललेलं असू शकतं.

तुम्ही विचाराल, उत्तराची एवढी वाट कशाला? बाय पाठवावा आणि मोकळं व्हावं. पण उत्तर आलं नाही याचे दोन अर्थ होतात: बाय पोचलाच नाही, किंवा पोचला आणि ओके वाटेत हरवलं. इकडे बसून यातलं कोणतं खरं, हे कळायला मार्गच नाही. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. १९७५ पासून तो मांडलेला आहे, आणि बेभरवशाच्या वाटेवर त्याला पक्कं उत्तर असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. मला हे फार विलक्षण वाटतं. म्हणून मुदत ठरवायची आणि तोवर थांबायचं.

बाय न म्हणताच बॅटरी संपली, तर पंचाईत आणखी मोठी. आवाजाची पाकिटं थांबली म्हणजे माणूस गेला असंही नाही. काही फोन माणूस गप्प असला की पाकिटं पाठवणंच कमी करतात. ब्राउझरमधल्या कॉलमध्ये दर पाच सेकंदांच्या आसपास ‘आहेस ना?’ अशी विचारणा होते, आणि ३० सेकंद उत्तर नसेल तर पाठवणं बंद. सिपमध्ये अशी हजेरी ऐच्छिक आहे, आणि तिची शिफारस केलेली मुदत १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास!

फोन ठेवल्याचं कळलंच नाही तर काय होतं, हे मी अनुभवलं एका लहान दवाखान्यात. त्यांची साधी लँडलाईन एका डबीतून आयपी फोनना जोडलेली होती. संध्याकाळी कुणीतरी बाहेरून फोन केला आणि ठेवला. एक्सचेंजनं आपला भारतातला एंगेज टोन दिला: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. पलीकडच्यानं ठेवलं हे डबीला कळायचं ते या टोनवरूनच, पण ती अमेरिकेच्या टोनवर लावलेली. तिथे दोन सूर एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. आपला टोन तिला ओळखताच आला नाही, तो तिच्या लेखी पलीकडचं बोलणंच. लाईन सकाळपर्यंत अडकून राहिली. त्या रात्री तिथे फोन लावणाऱ्यांना एंगेजच लागलं असणार. सेटिंगमध्ये देश बदलला, दोन मिनिटांचं काम. पण त्या रात्रीचं मला अजून वाईट वाटतं.

आता मघाचा प्रश्न: ‘कट होतोय’ असं दिसत असताना आपलं बोलणं पलीकडे जातं का? तुम्ही स्वतः लाल बटण दाबलंत, तर नीट बनवलेलं ॲप माईक तत्क्षणी बंद करतं; मागे चालतात ते फक्त निरोप. मात्र समोरच्यानं ठेवला आणि त्याचा बाय अजून तुमच्यापर्यंत आला नसेल, तर तुमचा माईक चालूच असतो. घरातली मोठी माणसं ‘बरं, ठेव हं’ म्हणून फोन तसाच टेबलावर ठेवतात. त्यांना एवढं जरूर दाखवा, की समोरच्यानं ठेवला असेल तरी लाल बटण आपणही दाबायचं.