झाड पुसायचं, पण किती?

श्रोतेहो, नमस्कार. झाड रंगवायचं, पण ते थेट झाडासारखं दिसायला नको आणि त्याचे नुसते रंगाचे पट्टेही व्हायला नकोत. मूर्त आणि अमूर्ताच्या सीमेवर काम करणाऱ्या चित्रकाराची खरी कसरत इथं आहे.

डच चित्रकार पीट मोंद्रियानची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. १९११ च्या राखाडी झाडाचं खोड अजून ठसठशीत आहे. १९१२ च्या बहरलेल्या सफरचंदाच्या झाडात नुसत्या कमानी उरल्यात. मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्मविचाराच्या संस्थेचा सदस्य झाला होता, पण या चित्रांत धार्मिक चिन्ह एकही नाही. फांदीइतकंच वजन त्यानं फांद्यांमधल्या मोकळ्या जागेला दिलं, बस्स. मधोमध वर्तुळ आणि सोन्याचा वर्ख लावला की चित्र आध्यात्मिक होतं, या समजुतीला इथंच रजा द्यावी.

हाताशी काम घेतलं की सगळं कडांवर येऊन ठेपतं. आकार आधी पुरता रंगवा. रंग ओला असतानाच कोरड्या, रुंद ब्रशनं बहुतेक कडा भोवतालच्या रंगात ओढून घ्या. एखादीच धारदार राहू द्या. आता डोळे किलकिले करून बघा. झाड अजून उठून दिसतंय? मग कडा पुसत बसू नका. आकार आणि भोवताल यांतला गडद-फिक्याचा फरक कमी करा. आडव्या कॅनव्हासवर आरपार आडवी रेघ आली की डोळा तिला क्षितिज समजतो आणि चित्राचं निसर्गदृश्य होऊन बसतं. ती रेघ मध्येच तोडा, नाहीतर कॅनव्हास चौरस घ्या.

विषय निसर्गाचा असेल, तर मातीचाच रंग करून पाहा. माती चाळून पाण्यात ढवळा. जड वाळू क्षणात तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्या. खालचा साका वाळवून जवसाच्या तेलात काचेवर घोटा. लोहयुक्त मातीचा रंग उजेडात टिकतो, फुलापानांचे बहुतेक रंग उडतात. पहिल्या थरात तेल कमी, वरच्या थरांत वाढतं ठेवा. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलला की तडकतो.

आणि ॲक्रिलिकचे ब्रश धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात प्लास्टिकच असतं. त्यात तुरटी विरघळवा, मग थोडा विझवलेला चुना घाला. गाळ बसला की फिल्टर कागदातून गाळून, वाळवून कचऱ्यात टाका.