यंत्रावरचा आकडा आणि डोळ्यातल्या पेशी

नमस्कार श्रोतेहो. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे गढूळ झालेलं भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवणं. आज ते बऱ्याचदा ‘फेको’ने होतं. पुष्कळ जण त्याला लेझर म्हणतात, पण साध्या फेकोत लेझर नसतो. एका पोकळ सुईचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, भिंग फोडतं आणि चुरा ओढून घेतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर चार्ल्स केलमन यांना ही कल्पना सुचली ती चक्क दातांच्या डॉक्टरकडे, दात साफ करायचं यंत्र पाहून! १९६७ साली त्यांनी ती माणसाच्या डोळ्यावर वापरली.

पण या थरथरीने उष्णता निर्माण होते, धक्केही बसतात. आणि समोर काही मिलीमीटरवरच असतो कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची काच. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. एका चौरस मिलीमीटरला साधारण अडीच हजार पेशी. त्या सतत पाणी उपसत राहतात, म्हणून ही काच स्वच्छ राहते. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पसरून जागा भरतात. फारच मेल्या तर काच सुजते आणि कायमची धूसर होऊ शकते.

म्हणून कमी ऊर्जेची साधनं आली. एकात निकेल-टायटॅनियमच्या तारेचा फास भिंगाभोवती टाकून आवळतात. दोऱ्याने साबण कापावा तसे भिंगाचे तुकडे होतात.

आता असं साधन तपासायचं कसं? यंत्राच्या पडद्यावर वापरलेल्या ऊर्जेचा आकडा येतो. तो कमी आला की विकणारा खूश. मला तेवढं पुरत नाही. ऊर्जा वाचली, पण वेळ दुप्पट लागला, पाणी जास्त खेळलं, टणक तुकडे कॉर्नियावर आपटले, तर पेशी मरायच्या त्या मरतातच. तेव्हा पेशी मोजायच्या: ऑपरेशनआधी आणि काही महिन्यांनी पुन्हा. भिंगाला मागून लागून असलेला नाजूक पापुद्रा किती जणांचा फाटला, तेही पाहायचं. मऊ मोतीबिंदूवर कुठलंही साधन चांगलंच दिसतं. खरा कस लागतो पिकून दगड झालेल्या मोतीबिंदूवर, म्हणून तसे रुग्ण दोन्ही गटांत, म्हणजे नव्या साधनाच्या आणि साध्या फेकोच्या, सारखे हवेत. कुणाला कोणतं साधन, हे चिठ्ठी टाकूनच ठरावं. आणि पेशी मोजणाऱ्याला ती चिठ्ठी दाखवू नये.