बर्फ मागं सरकला, रेघा तळाला राहिल्या

दिवसाला ६१० मीटर. शेवटचं हिमयुग संपत होतं तेव्हा नॉर्वेच्या समुद्रात बर्फाची कड एवढ्या जोरात मागं सरकत होती. आता तुम्ही म्हणाल, तिथं तेव्हा टेप घेऊन कोण उभं होतं? कुणीच नव्हतं. हा आकडा समुद्राच्या तळाच्या गाळावरनं काढलाय, आणि मला विचाराल तर आकड्यापेक्षा तो काढायची रीतच जास्त भारी आहे.

थोडं मागचं सांगतो. साधारण २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर युरोपवर, कॅनडावर किलोमीटर किलोमीटर जाडीचा बर्फ, आणि एवढं पाणी जमिनीवर अडकून बसल्यामुळं समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली. अंटार्क्टिकाचा बर्फसुद्धा आजच्यापेक्षा लई पुढं आलेला, खंडाभोवतीच्या समुद्रात थेट तळाला टेकून बसलेला.

बर्फ एका हद्दीपर्यंत तळाला टेकलेला असतो आणि तिच्यापुढं पाण्यावर तरंगतो, त्या हद्दीला ग्राउंडिंग लाइन म्हणतेत. टेकलेला बर्फ खालचा गाळ रगडतो, ओढतो, त्याच्यावर खुणा करून ठेवतो. तरंगता बर्फ वरच्यावर असतो, तळाला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणजे तळावर खुणा कुठवर आहेत हे बघितलं की टेकलेला बर्फ कुठवर आला होता ते कळतं.

ह्या खुणा बघायला तळाचा नकाशा काढतात. जहाजाच्या बुडाला मल्टीबीम सोनार लावलेलं असतं, ते आवाजाचे शेकडो झोत एकदमच खाली सोडतं आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरनं खोली काढतं. नकाशात लांबच लांब सरळ रेघा दिसतात, काही तर दहा दहा किलोमीटरच्या वर जातात, बर्फ वाहत होता ती ही दिशा. आणि जिथं आडवा जाडजूड बांध दिसतो तिथं कड बराच काळ एकाच जागी थांबली होती, म्हणून ओढून आणलेला गाळ साचत गेला. बाकी वेड्यावाकड्या चऱ्या दिसतात त्या म्हणजे हिमनग तळाला घासत गेलेत, त्यांनी चांगल्या चांगल्या खुणा मोडून टाकल्यात.

उन्हाळ्यात जायकवाडीला गेलात तर नाथसागराच्या काठच्या गाळावर पाणी उतरत गेल्याच्या एकाखाली एक रेघा दिसतेत, आणि गाळपेरा करणाऱ्या माणसाला त्यावरनं पाणी कुठं थांबलं, कुठं झटक्यात उतरलं हे बरोबर कळतं. तत्त्व तेच. फक्त तिथली रेघ लाटेनं पडते आणि पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन पुसते, इथली बर्फाच्या वजनानं पडते आणि शेकडो मीटर खोल असल्यामुळं हजारो वर्षं तशीच राहते, तिथवर लाट पोचतच नाही.

आता खरी गंमत, थ्वेट्स हिमनदी. पश्चिम अंटार्क्टिकातली ही हिमनदी पूर्ण गेली तर जगभरचा समुद्र ६५ सेंटीमीटरच्या आसपास वर येईल, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर डोळा. २०१९ मध्ये तिच्यासमोर 'रान' नावाची बिनमाणसाची पाणबुडी सोडली, स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाची, तिनं जवळपास ७०० मीटर खोल तळाचा नकाशा काढला. त्यात सापडल्या १६० च्या वर बारीक आडव्या वरंब्या, एकामागं एक, काही नुसत्या चार बोटं उंच, सगळ्यात मोठी दोन-अडीच फूट. एवढ्या सारख्या अंतरानं कोण काढील?

समुद्राच्या भरती-ओहोटीनं काढल्यात. भरतीला बर्फाची कड जराशी उचलली जाते, ओहोटीला परत तळाला टेकते आणि गाळ दाबून एक वरंबी उठवते, दुसऱ्या दिवशी कड थोडी मागं सरकलेली असते म्हणून वरंबी पण मागं पडते. त्या भागात भरती मुख्यतः दिवसातनं एकदाच येते, म्हणजे एक वरंबी एक दिवस. बरं, भरती साधारण १४ दिवसांच्या चक्रानं लहान-मोठी होत असते ना, तर ह्या वरंब्यांची उंचीसुद्धा साधारण १४ दिवसांनी कमी-जास्त होत जाते! मला तर हे वाचून विश्वास बसेना. मग हिशेब सोपा झाला, वरंब्या मोजा, त्यांच्यातलं अंतर मोजा. साडेपाच महिने ही कड वर्षाला २.१ किलोमीटरहून जास्त वेगानं मागं गेली होती. हे २०२२ मध्ये छापून आलं.

नॉर्वेत पण हाच हिशेब, फक्त तिथं भरती दिवसातनं दोनदा, म्हणून दोन वरंब्यांचा एक दिवस. तिथं ७,६०० च्या वर वरंब्या मोजल्या, अंतर २५ ते ३०० मीटर, आणि वेग निघाला दिवसाला ५५ पासून ६१० मीटरपर्यंत. उपग्रहांनी तोवर पाहिलेल्या सगळ्यात जोरदार माघारीच्या वीस पटीपर्यंत. उपग्रहांना बर्फ बघायला लागून काही दशकंच झालीत, त्यामुळं 'एवढं कधी बघितलं नाही' ह्याला फारसा अर्थ नाही असं माझं मत. पण घाबरवायचं म्हणून ६१० चा आकडा फेकणंही बरोबर नाही. हा वेग जिथं तळ जवळपास सपाट होता तिथंच होता, कारण सपाट जागी बर्फ थोडा पातळ झाला तरी मोठा पट्टा एकदमच उचलला जातो, आणि हे झटके काही दिवस ते काही महिनेच टिकले.

वरंब्यांवरनं वेग कळतो, साल कळत नाही. त्यासाठी पोकळ नळा तळात खुपसून गाळ जसाच्या तसा वर काढतात. खाली दगड-वाळू-माती एकत्र रगडलेला घट्ट थर, तो टेकलेल्या बर्फाचा. वर मऊ गाळ, त्यात समुद्रातल्या बारीक जिवांची कवचं. जिथं पहिला थर संपतो तिथं बर्फ उचलला गेला, आणि त्याच्या लगेच वरच्या कवचांचं वय कार्बन-१४ नं, म्हणजे वेळेबरोबर ठरलेल्या गतीनं घटत जाणाऱ्या कार्बननं, काढायचं. अडचण अशी की अंटार्क्टिकाच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना, आजच्या जिवंत शिंपल्याचं वय पण हजार वर्षांच्या वर येतं, ते वजा करावं लागतं. शिवाय अशी कवचं तिथं मिळतात कमीच.

आणि सगळीकडं एकच गोष्ट घडली असंही नाही. थ्वेट्सच्या शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीसमोर बर्फ पार खंडाच्या उथळ भागाच्या टोकापर्यंत गेला होता, पण पूर्वेकडं प्रिझ बेमध्ये, जिथं २०१२ पासून आपलं भारती संशोधन स्टेशन आहे, तिथल्या मुख्य खोल चरात टेकलेला बर्फ टोकाच्या बराच आधी थांबलेला दिसतो. म्हणून एका हिमनदीवरनं सगळ्या खंडाचा हिशेब मांडता येत नाही.

थ्वेट्सच्या त्या वरंब्यांचं वय अजून अंदाजानंच सांगतात, गेल्या २०० वर्षांतलं कधीतरी. जिनं तो नकाशा काढला ती रान २०२४ च्या जानेवारीत शेजारच्या डॉटसन ह्या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपट्ट्याखाली गेली ती परतलीच नाही. वय पक्कं करायचं तर त्या वरंब्यांवरचाच गाळ नळ्यातनं वर आणावा लागेल, आणि तिथं जहाज पोचतं ते समुद्रावरचा बर्फ वाट देईल त्याच वर्षी.