झीज कुठे आहे ते आधी बघा

(एका वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका ओळखीच्या घरी माळा रिकामा करताना लोखंडी आकड्यांचा जुडगा निघाला. एका कड्यात दहा-बारा आकडे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मुलं म्हणाली, मासे पकडायचं असेल. मी, सांगायला लाज कसली, ते बैलगाडीचं सामान ठरवून मोकळा झालो. तेवढ्यात शेजारच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "अहो, गळ आहे तो! विहिरीत घागर पडली की सोडायचा." अख्ख्या आळीत गळ एकच, आणि नेलेला परत केला नाही म्हणून बायकांचा अबोला धरलेला, हेही त्यांनी ऐकवलं.

मग मी नीट पाहिलं. आकड्यांना धार नव्हतीच. मासा कसा अडकणार? अडकवायचा होता घागरीचा काठ. कड्याला काथ्याचा कुजका तुकडाही होता. उत्तर हातात होतं, मी आकारावर भुललो.

म्हणून माझा एकच आग्रह असतो: वस्तू कशासारखी दिसते ते सोडा, ती कुठे झिजली आहे ते बघा. आणि बघून होईपर्यंत कृपा करून चिंच लावून घासू नका. घासलीत की पुरावा गेला.

हा पितळेचा पोपट घ्या. हलवा. पोटात खडे आहेत, खुळखुळतो. खेळणं वाटतं ना? आता उलटा करा आणि तळावरून बोट फिरवा. खरखरीत रेघा लागतात, पण एका कडेला त्या पार गुळगुळीत झाल्यात. ही वज्री. न्हाणीघरात टाचा घासायची. एकाच हाताने वर्षानुवर्षं घासल्यावर जोर एकाच कडेवर येतो. खुळखुळा कशाला, असं विचाराल, तर मला तरी ती निव्वळ हौस वाटते. टाच घासायच्या दगडालाही पोपट करणारी माणसं होती, एवढंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या आणि अडकित्ते पाहायला निवांत वेळ काढून जा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, त्या वीस हजारांच्या पुढे गेल्या.

झाकणाला भोकं असलेली डबी दिसली की सगळे मिठाची म्हणतात. दौतीच्या जोडीला सापडली, तर ती वाळूची धरा. ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरायची, टिपकागद नंतरचा.

मापं तर घरोघरी पेनं ठेवायला लागली आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि ही फडताळात गेली. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. काठ बघा, हाताने रास सपाट करून करून कसा गुळगुळीत झालाय. शीग लावून घ्यायचं की सपाट, यावर किती भांडणं झाली असतील!

शेवटची वस्तू मी आणू शकलो नाही, त्याचं कारण सांगतो. तांब्याची पातळ वाटी, तळाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. भरायला लागतात २४ मिनिटं, म्हणजे एक घटका. अशा ६० घटकांची दिवसरात्र. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधत. 'घटका भरली' आपण म्हणतो, ती भरते ती इथे. एका घरी असं पात्र आहे कळल्यावर मी धावत गेलो. मालकांनी मोठ्या उत्साहाने दाखवलं. "जुनं आहे, पण गळत होतं हो. तळाचं भोक बुजवून घेतलं." आता त्यात ते देवाच्या दिव्याचं तेल ठेवतात. थेंबभरही गळत नाही म्हणाले.